मत्स्यगंधेचा गंध

श्रावणातील गोष्ट. इयत्ता आठवीच्या वर्गास आम्ही ‘नारळी पौर्णिमा’ हा विषय निबंधासाठी दिला होता. एकंदर ४१ वह्या जमल्या. सायंकाळी घरी तपासावयास बसलो, तो दहा-बारा वह्यांनंतर आमच्या ध्यानात आले की, आपण एकच निबंध पुनःपुन्हा वाचीत आहो. सोन्याच्या मुलाम्याचा नारळ, रंगीत लुगडी, फुलांनी सजविलेल्या होड्या, ढोलताशे आणि बेभान नाच. लिहिणारा मुलगा बदलापूरचा असो, अंबरनाथचा असो की उल्हासनगरच्या सिंधी घरातील असो. कोळी बांधव सर्वांच्या वहीत सारखेच नाचत होते. जाळे कोणाच्याही हातात नव्हते.

एका वहीत मात्र एक वाक्य निराळे आढळले. ‘नारळ दिल्यावर आजोबा डोल घेऊन दर्यात जात,’ असे एका मुलीने लिहिले होते. आम्ही तांबड्या शाईने ‘डोल’चा ‘ढोल’ केला आणि समासात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारून पुढच्या वहीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली, आणि मग हळूच म्हणाली, “सर, ते ढोल नाही. डोल आहे. डोल म्हणजे जाळं.” एवढे बोलून ती निघून गेली. वीस वर्षे मराठी शिकवून आम्ही एका म्हाताऱ्या कोळ्याच्या हातातील जाळे काढून घेतले होते आणि त्याच्या गळ्यात ढोल अडकविला होता!

या चुकीने आम्हांस पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, काव्यात, नाटकात कोळी समाज कसा दिसतो, आणि इतर भाषांत तो कसा दिसतो, याचा जो थोडासा शोध आम्ही त्यानंतर घेतला, तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम डोल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले, पिशवीसारखे हे लांबलचक जाळे असते. समुद्राच्या तळात खुंट रोवून किंवा नांगर टाकून त्याचे तोंड प्रवाहाकडे ताणून धरतात. माशांमागे धावणारे हे जाळे नव्हे. ते एका जागी उभे राहून पाण्याची वाट पाहते. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करंदी अशी मासळी आत येते. पाणी फिरण्याच्या सुमारास जाळे उचलले नाही तर आत आलेली मासळी हातची जाते. यास्तव डोल लावणाराचे घड्याळ चंद्राच्या स्वाधीन असते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज पहाटे चार वाजता निघालेला मनुष्य चार दिवसांनी सकाळी सातनंतर निघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्यास जोर असतो, त्यास उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते, तो भांग. वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या गावांतील कोळी पिढ्यान्‌पिढ्या या हिशेबाने जगत आले. बोंबील घरी आले की बायका ते बांबूंच्या मांडवावर दोऱ्यांना अडकवून उन्हात वाळवितात. ज्याने तो मांडव पाहिला आहे त्यास त्याचा वासही ठाऊक असेल.

हा डोल लावणारा तोच डोलकर. डोलकरावरचे जे गीत सबंध महाराष्ट्राच्या तोंडी आहे, ते शांता शेळके यांनी लिहिले आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यास चाल दिली. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या गीतावर मुले अंग झुलवीत नाचतात, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. डोलकर म्हणजे लाटांवर डुलणारा, असाच अर्थ आम्ही आजवर मनाशी धरून होतो. नाच बसविणाराही तोच धरीत असावा. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून दूर देशावरचा. तरीही त्यांनी शब्द नेमका उचलला. तो हरविला आम्ही ऐकणारांनी.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रसिद्ध कोळ्याची पोर म्हणजे महाभारतातील सत्यवती. दाशराजाच्या घरी वाढलेली, यमुनेवर नाव चालविणारी ही मुलगी. तिच्या अंगास माशांचा वास येई, म्हणून तिचे नाव मत्स्यगंधा. पराशर ऋषी तिच्या नावेत बसले. त्यांच्या वराने तो वास जाऊन तिच्या अंगास असा सुगंध आला की, तो योजनभर दरवळावा. मत्स्यगंधेची योजनगंधा झाली. पुढे शंतनू राजा यमुनाकाठी तिच्याकडे ओढला गेला तो या सुगंधाच्या मागाने. एवढ्यानेही कथाकारांचे समाधान झाले नाही. ती मुळात उपरिचर वसू राजाचीच कन्या होती, असाही धागा त्यांनी जोडून ठेविला. राणी व्हावयाची तर आधी वास गेला पाहिजे आणि कूळही बदलले पाहिजे!

या कथेत आम्हांस आवडतो तो तिचा बाप. राजा दारी आला असता तो हुरळून जात नाही. माझ्या मुलीच्या मुलास राज्य मिळणार असेल तर बोला, असे तो स्पष्ट विचारतो, आणि शंतनू मान खाली घालून परत फिरतो. भीष्माची प्रतिज्ञा घडली ती या एका कोळ्याच्या सौद्यामुळे. ज्याने किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिला आहे त्यास हा गृहस्थ अगदी ओळखीचा वाटेल. वसंत कानेटकर यांचे ‘मत्स्यगंधा’ हे नाटक १९६४ साली रंगभूमीवर आले, जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने ते घरोघर पोहोचले, आणि सत्यवतीच्या मनाचा शोध त्यात हौसेने घेतला गेला. पण नाव मत्स्यगंधेचे असले तरी ते नाटक राजवाड्याचे आहे.

दुसरे नाव वाल्या कोळ्याचे. रामायणकर्ता वाल्मीकी पूर्वाश्रमी वाटमाऱ्या कोळी होता, ही कथा मराठी मुलास आईच्या मांडीवरच मिळते. हा कोळी मात्र मासे मारणारा नव्हे, रानातला. कोळी या एका नावाखाली डोंगरातील महादेव कोळी आणि समुद्रावरील सोनकोळी असे निरनिराळे समाज येतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात ज्यास फाशी दिले तो राघोजी भांगरे महादेव कोळी होता. होडीशी त्याचा संबंध नव्हता. आणि जाळे विणणाऱ्या किड्यासही आपण कोळीच म्हणतो, ते वेगळेच!

असो. जुने सोडून आम्ही शाळेच्या ग्रंथालयातील कपाटांकडे वळलो. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) काढली. कोकण आहे, माणसे जिवंत आहेत, परंतु कथा पोफळीच्या वाड्यांतून चालते. मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) काढली. खाडी आहे, परंतु तिच्या काठच्या झोपड्यांतील निराळ्याच जीवनाची ती कथा आहे. या थोर लेखकांचा यात काहीच दोष नाही, त्यांनी आपापले क्षेत्र उत्तम नांगरले. आमच्या कपाटात ज्याच्या कष्टांचा तास न् तास हिशेब दिला आहे असा कोळी शेवटी एकच सापडला, आणि तो क्युबा बेटातला निघाला! हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या कादंबरिकेचे पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने १९६५ साली भाषांतर केले. ८४ दिवस मासा न मिळालेला तो म्हातारा सांतियागो, त्याची दोरी, त्याचे कापलेले हात, सारे आपण मराठीत वाचले आणि हळहळलो. उत्तनच्या म्हाताऱ्याचे हात वाचावयास आम्हांस मिळाले नाहीत.

येथे आमच्या सिंधी विद्यार्थ्यांनी आम्हांस एक मोठी मदत केली. उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर. १९४९ साली त्यास हे नाव मिळाले. तेथील घरोघर झुलेलालाचे चित्र असते, आणि ते दैवत माशावर बसलेले आहे. सिंधी लोकांबरोबर सिंधू नदीच्या कथाही येथे आल्या. एका मुलाच्या आजीकडून आम्ही दोन ऐकल्या. पहिली नूरीची. कींझर सरोवरावरील मोहाणा कोळ्यांची ही मुलगी. जाम तमाची राजाने तिला राणी केली, आणि इतर राण्या दागिन्यांनी मढून बसल्या असता ती मात्र आपल्या साध्या वेषात व नम्रतेने त्याच्या मनात भरली. दुसरी मोरीरोची. कराचीजवळच्या खोल पाण्यात एका प्रचंड जलचराने त्याचे भाऊ गिळले. हा अपंग असल्यामुळे घरी राहिला होता, म्हणून वाचला. त्याने खिळ्यांचा लोखंडी पिंजरा करविला, आत बसून तो पाण्यात उतरला, त्या पिंजऱ्यासह आपल्याला गिळू दिले, आणि किनाऱ्यावरील लोकांनी दोरांनी ते धूड ओढून काढले. पोट फाडून त्याने भावांची हाडे बाहेर काढली व किनाऱ्यावर पुरली. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांनी या दोन्ही कथा आपल्या काव्यात गायिल्या आहेत.

आजीबाईंनी नूरीची कथा गोड आवाजात सांगितली. मोरीरोची सांगताना त्या दोनदा थांबल्या. दोन्ही कथा कोळ्यांच्याच, पण पहिली किनाऱ्यावर उभ्या असलेल्या राजाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि दुसरी ज्याचे भाऊ परत आले नाहीत त्याच्या. आपल्या वाङ्मयात पहिल्या जातीच्या कथा उदंड झाल्या. दुसऱ्या जातीच्या कोठे आहेत?

त्या तमिळ भाषेत आहेत, असे आमच्या एका सहकाऱ्याने सांगितले. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरीस आलेल्या तमिळ कुटुंबात ते वाढले. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत ते आम्हांस तमिळ पुस्तके वाचून मराठीत अर्थ सांगू लागले, आणि हा क्रम सहा महिने चालला. आम्ही तमिळ जाणत नाही. जे सांगतो ते त्यांच्या जिव्हेने सांगतो.

तमिळ लोकांचा समुद्राशी वाङ्मयीन संबंध फार जुना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघकाव्यात भूमीचे पाच प्रकार मानिले आहेत: डोंगर, रान, शेते, वैराण प्रदेश आणि समुद्रकिनारा. प्रत्येक भूमीस एकेक मनोभाव जोडलेला आहे. किनाऱ्याच्या भूमीचे नाव नेय्‌दल; तिचा भाव म्हणजे व्याकुळ होऊन वाट पाहणे. किनारा म्हटला की आपल्या निबंधांत नाच येतो. त्या जुन्या कवींस किनारा म्हटला की परत न आलेल्या होडीची वाट पाहणारी स्त्री आठवली.

अलीकडच्या काळात १९७७ साली वण्णनिलवन यांची ‘कडलपुरत्तिल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ ‘सागरकाठी’ असा. एका ख्रिस्ती कोळी गावात यंत्राच्या लाँचा आल्या आहेत, आणि वल्ह्या-शिडांच्या होड्यांवर जगणारांचे त्यांच्याशी वैर जुंपले आहे. एक म्हातारा बाप आपली होडी विकावयास तयार नाही. त्याची मुलगी फिलोमी प्रेमात पडते, आणि ते प्रेम तडीस जात नाही. तरी ती मुलगी मोडत नाही. कथा एवढीच. परंतु होडी विकणे म्हणजे काय, हे त्या कादंबरीने आम्हांस जेवढे समजाविले तेवढे शंभर लेखांनी समजले नसते. हाच तंटा आपल्या किनाऱ्यावरही झाला. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला तो याच जातीच्या झगड्यांपायी, आणि पर्ससीन जाळ्यांवरून तो अद्याप धुमसत आहे. आपल्याकडे तो वर्तमानपत्रात छापून आला. तिकडे त्यातून फिलोमी निर्माण झाली.

राजम कृष्णन या लेखिकेचेही नाव घेतले पाहिजे. त्या कोळी नव्हत्या. परंतु ज्या लोकांविषयी लिहावयाचे त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांचे शब्द टिपून घ्यावे आणि मगच लेखणी उचलावी, हा त्यांचा परिपाठ होता; मिठागरातील मजुरांवर आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांवर त्यांनी असेच लिहिले. परक्याने लिहूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पाय भिजवून लिहावे, एवढेच म्हणतो.

आणि मग २००४ साली जो डिक्रूझ यांची ‘आळि सूळ उलगु’, म्हणजे ‘समुद्राने वेढलेले जग’, ही मोठी कादंबरी आली. हे लेखक उवरी या कोळी गावचे, परतवर या मच्छीमार समाजातले. या समाजाने सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर त्यांच्यात येऊन पोहोचले. डिक्रूझ शिकले, जहाजांच्या व्यवसायात शिरले, आणि मग आपल्या लोकांची कथा लिहावयास बसले. कथेत तीन वयांचे तीन पुरुष समुद्रात वाहत चालले आहेत, आणि त्यांच्या त्या प्राणसंकटाच्या भोवती एका गावाची १९३३ पासूनची अर्ध्या शतकाची कथा गुंफली आहे. भाषा त्या लोकांच्या बोलीची. आमचे सहकारी शहरात वाढलेले; त्यांस स्वतःस पानापानावर अडखळावे लागे. “हा शब्द मला येत नाही,” असे ते म्हणत, आणि पुढे वाचीत. कट्टुमरम् म्हणजे बांधलेली लाकडे, हा शब्द इंग्रजांनी उचलून जगभर नेला, एवढे त्यांस ठाऊक होते. पण त्या लाकडांच्या प्रत्येक भागास वेगळे नाव असते, हे त्यांस या पुस्तकाने शिकविले. याच लेखकाच्या ‘कोरकै’ या पुढच्या कादंबरीस २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शेजारच्या मल्याळम भाषेतील तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ (१९५६) याहून कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे. १९५७ सालचा अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि १९६५ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक. घरी राहिलेली पत्नी शुद्ध राहिली तरच समुद्रावरचा पती सुरक्षित राहतो, या समजुतीवर ती सारी उभी आहे. कथा मोठी सुंदर, यात वाद नाही. तरी मासळीचा भाव ठरविणारी, उधारी वसूल करणारी, भल्या पहाटे बाजार गाठणारी जी कोळीण आपण रोज पाहतो, तिच्या शिरावर समुद्राच्या कोपाचेही ओझे द्यावे, हे आमच्या मनास पटले नाही.

बंगाली वाङ्मयाचा दाखला आम्हांस सर्वांत जवळचा वाटला, कारण तो नदीचा आहे. माणिक बंदोपाध्याय यांची ‘पद्मा नदीर माझी’ (१९३६) ही बाहेरून आलेल्या एका प्रतिभावंताची कृती. ‘तिताश एकटि नदीर नाम’ लिहिणारे अद्वैत मल्लबर्मन (१९१४–१९५१) हे स्वतः मालो या कोळी समाजातले. गरिबीत शिकले, कलकत्त्यास वर्तमानपत्रांत राबले, क्षयाने सदतिसाव्या वर्षी वारले. पुस्तक १९५६ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. तिताश नदी गाळाने भरत जाते, आणि नदीबरोबर तिच्या काठची माणसे, त्यांची गाणी, त्यांचे सण हळूहळू संपत जातात. १९७३ साली ऋत्विक घटक यांनी त्यावर चित्रपट काढला.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमचीच नदी होती. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत उल्हास नदी कल्याणच्या खाडीत शिरते आणि वसईपाशी समुद्रास मिळते. म्हणजे आमच्या दारचे पाणी शेवटी जेथे डोल लागते तेथेच जाते. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत, भातखाचरांत येतात, त्यास इकडे वलगण म्हणतात. त्या रात्री आगरी, कोळी, कातकरी, सारेच कंदील किंवा बॅटरी घेऊन आसू आणि पाग यांसह पाण्यात उतरत. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने काळी झाली आहे. तिच्यात मासे होते, हे मुलांस खरे वाटत नाही. तिताशची कथा एका मनुष्याने लिहून ठेवली. वालधुनीची कोणी लिहिली?

मराठीत असे का व्हावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कोळीवाड्यातील मुलगा हातात वल्हे पेलण्याजोगा झाला की शाळेतून उठे, हे एक कारण. ज्या शहरांत पुस्तके छापली जात त्या शहरांतील पुष्कळ वाचकांच्या स्वयंपाकघरात बोंबील शिरला नव्हता, हे दुसरे. त्यास आम्ही फारसे महत्त्व देत नाही. तिसरे कारण आमच्या स्वतःच्या तांबड्या शाईत आहे. या भागातील आगरी-कोळी घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणतात. असे बोलणारे मूल शाळेत आले की पहिल्याच वर्षी आम्ही त्याच्या जिभेवर रेघ मारतो. शुद्ध मराठी शिकवणे हे आमचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण जीभ शुद्ध करताना तिच्यावरची डोल, भांग, वलगण, तांडेल ही संपत्तीही आम्ही धुऊन टाकली, आणि वर त्याच मुलांस ‘नारळी पौर्णिमे’वर निबंध लिहावयास सांगितला. मग तो पाठ्यपुस्तकातून येणार नाही तर कोठून येणार?

लूकच्या शुभवर्तमानातील कोळी आम्ही लहानपणापासून ओळखतो. रात्रभर कष्ट करून काही न मिळालेले ते लोक सकाळी सरोवराच्या काठी जाळी धूत बसले आहेत. जाळी मासे न मिळाले तरी धुवावी लागतात, हे बारकाव्याचे सत्य लिहिणाराने गाळले नाही. त्या अध्यायावर आम्ही कितीतरी वेळा बोललो आहोत. त्या धुण्याकडे आमचे लक्ष मात्र यंदाच गेले.

आणि लिहिण्याजोगे आपल्याकडे काय कमी आहे? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. यंत्रनौका १ ऑगस्टपासून निघू शकतात, आणि नारळी पौर्णिमा पुष्कळदा त्यानंतर येते. आधी होडी निघते, नारळ मागाहून पडतो. घरातील म्हाताऱ्यास हे पाहून काय वाटत असेल? समुद्रावर जगणारांची एकवीरा आई कार्ल्याच्या डोंगरावर का जाऊन बसली असेल, आणि चैत्रात तिच्या पालखीबरोबर जाणारी माणसे बोरघाट चढताना काय बोलत असतील? २०१७ च्या ओखी आणि २०२१ च्या तौक्ते या वादळांच्या वेळी ज्यांच्या घरचा पुरुष बाहेर होता, त्या घरांत त्या रात्री दिवा मालविला होता की नाही? आमच्या निबंधांपैकी एकातही यातले काही नव्हते.

त्या मुलीकडे परत येतो. प्रवेशपत्रिकेत आईच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिलेले आम्हांस पुढे आढळले. वास्तविक तिची आई पहाटेपूर्वीच्या गाडीने भाऊच्या धक्क्यावर जाते, मासळी घेऊन परत येते आणि दुपारपर्यंत बदलापूरच्या बाजारात बसते. मुलगी शाळेत येण्यापूर्वी तिला मासळी निवडू लागते, आणि मग लिंबाची साल हातांस घासून घासून धुते. वर्गात ती शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एकटी का बसते, हे आम्ही दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. पराशराचा वर सर्वांसच मिळत नाही. लिंबू मात्र बाजारात मिळते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही वर्गापुढे ‘डोल’ची चूक कबूल केली आणि वर्णन केल्याप्रमाणे त्या जाळ्याची आकृती फळ्यावर काढली. ती आकृती चुकली होती. शेवटच्या बाकावरून ती उठली, पुढे आली, आणि खडू घेऊन जाळ्याचे तोंड तिने पुसून उलट बाजूस काढले. “सर, पाणी इकडून येतं,” ती म्हणाली.

सुट्टीत ती उत्तनला आजीकडे गेली होती. परत आली तेव्हा वहीच्या मागच्या चार पानांवर तिने शब्द लिहून आणले होते: माशांचे, वाऱ्यांचे, दोरांचे, जाळ्याच्या निरनिराळ्या भागांचे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आम्हांस ठाऊक नव्हते, आणि काही तर कसे लिहावे हे तिलाही कळले नव्हते. म्हणून तिने ते दोन-दोन प्रकारे लिहिले होते. “सर, यातलं बरोबर कोणतं?” असे तिने विचारले. आम्ही लेखणी खाली ठेविली, आणि आजीस पुन्हा एकदा म्हणून दाखवावयास सांग, असे तिला सांगितले.